‘आधी-नंतर’च्या फ्लेक्सवरून माझा फोटो उतरवा

सोलापुरात वजन घटवण्याच्या बॅचेस, डाएट क्लास आणि जिम चालवणाऱ्या सर्व सर-मॅडमना,

सप्रेम नमस्कार.

पत्र तुम्हा सगळ्यांना आहे. त्यातल्या एकांना दोन ओळी वाचताच कळेल की सुरुवात त्यांच्यापासून झाली. त्यांचं नाव मी लिहिणार नाही. नाव लिहिलं की बाकीचे ‘आम्ही त्यातले नाही’ म्हणून सुटतात, आणि मला कुणालाच सुटू द्यायचं नाही.

तुमच्या फ्लेक्सवर डावीकडे हिरव्या काठाच्या साडीत जी जाडजूड बाई उभी आहे, ती मी. उजवीकडे पंजाबी ड्रेस घालून हसणारी, तीही मीच. डावीकडचा फोटो सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेतला आहे. पाळण्याच्या रांगेत उभी असताना भाच्यानं काढलेला. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलंय, ‘चार महिन्यांत ९ किलो! मनात आणलं तर काहीच अशक्य नाही.’ फोटो मीच दिला होता, हौसेनं दिला होता. मंडईत भाजी घेताना विद्यार्थ्यांच्या आया थांबवून विचारायच्या, ‘मॅडम, त्या तुम्हीच ना?’ चेहऱ्यावर दाखवत नव्हते, पण मनातून सुखावत होते.

आता तो फोटो उतरवा, असं मी सांगतेय. कारण त्या फ्लेक्सवर जागा नसलेली एक बाई आहे. तीच बॅच, तोच तक्ता, तेच सोळा रविवार. माझी धाकटी बहीण. चार महिन्यांत तिचं वजन उतरलं दीड किलो.

बहीण माझ्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहते. कडक भाकऱ्या करून विकते. पहाटे चारला उठून तव्यापुढे उभी राहते, कारण भाकरी आधी भाजावी लागते आणि मग वाळून कडक व्हायला वेळ द्यावा लागतो, आणि गिऱ्हाईक काही थांबत नाही. तुम्ही दिलेला डाएटचा कागद दोघींच्या फ्रिजवर चिकटवलेला होता. दुपारचं दोघींचं जेवण तीच करायची, एकाच पातेल्यात, आणि माझा डबा शाळेत पाठवायची. भाकरी बंद, भात बंद. पनीर, उसळ, शेंगदाणे, दही, भाज्या. आम्ही माळकरी घरातल्या, त्यामुळे अंड्याचा प्रश्नच नव्हता. दिवसभर हातानं भाकऱ्या थापायच्या आणि एकही तोंडात घालायची नाही, हे तिनं चार महिने केलं. मी तेवढं करू शकले नसते. मला फक्त डबा उघडायचा होता.

आणि मग रविवार सकाळ. एकेकीचं नाव पुकारायचं, काट्यावर उभं करायचं, आकडा मोठ्यानं वाचायचा. उतरला की टाळ्या. नाही उतरला की, ‘काय ताई, या आठवड्यात कुणाचं लग्न होतं का?’ मग सगळा हॉल हसतो. तिसऱ्या-चौथ्या रविवारपासून बहीण काट्यावर चढण्याआधी बांगड्या काढून माझ्या हातात द्यायला लागली. मग मंगळसूत्र. मग शनिवारी रात्रीपासून पाणी पिणं बंद. दहाव्या रविवारी तिनं अंबाड्याच्या पिना काढल्या आणि तुम्ही म्हणालात, ‘अहो, पिना नाही, पोळ्या सोडा.’ त्या रविवारी मीही हसले.

हे पत्र खरं तर त्या हसण्यामुळे लिहितेय. बाकीचं सगळं त्यानंतर वाचलं.

मी शाळेत विज्ञान शिकवते. नववीच्या वर्गात मेंडेलचे वाटाणे फळ्यावर काढून काढून माझा खडूचा हात पक्का झालाय. उंच आणि बुटका, तीनास एक. पण दोन सख्ख्या बहिणी एकाच पातेल्यातलं खाऊन इतक्या वेगळ्या का उतरतात, हा प्रश्न मला तेव्हा पडलाच नाही. मी सरळ तुमचा हिशोब धरला होता : मी मनावर घेतलं, तिनं नाही.

एखाद्यानं चोरून खाल्लं की नाही, याची शंकाच राहणार नाही असा अभ्यास कुणी केलाय का, हे मी आधी शोधलं. केलाय. कॅनडातल्या लावाल विद्यापीठात क्लोद बुशार नावाचे संशोधक होते. १९९० साली त्यांनी एकसारख्या जुळ्या तरुणांच्या १२ जोड्यांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. (आमच्या वस्तीचं नाव जुळे सोलापूर. तिथं राहून जुळ्यांचा अभ्यास वाचताना मला उगाचच हसू आलं.) या मुलांना देखरेखीखाली ठेवलं आणि आठवड्यातले सहा दिवस, एकूण ८४ दिवस, रोज गरजेपेक्षा १,००० कॅलरी जास्त खायला घातल्या. सगळ्यांना तेवढ्याच. सरासरी वजन वाढलं ८.१ किलो. पण कुणाचं वाढलं ४.३ किलो आणि कुणाचं १३.३. त्यातही एका जोडीतले दोघे भाऊ बरेचसे बरोबरीनं वाढले. परक्या दोघांत जितका फरक, त्याच्या मानानं सख्ख्या जुळ्यांतला फरक बराच कमी. पुढे १९९४ मध्ये त्यांनी उलट प्रयोग केला. सात जोड्या, खाणं ठरलेलं आणि जवळपास रोज सायकलवर ठरलेला व्यायाम. कुणाचं १ किलो उतरलं, कुणाचं ८.

तिथं हॉटेल नव्हतं, लग्न नव्हतं, हळदीकुंकू नव्हतं. तरीही एक आणि आठ.

म्हणजे रक्तात काहीतरी आहे, हे खरं. यातच तुमची दुसरी गडबड सुरू होते, आणि ती पहिलीपेक्षा महाग आहे.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटी तुम्ही बहिणीला बाजूला बोलावलं. हॉलमधला आवाज एकदम मऊ झाला. ‘ताई, तुमचा दोष नाही. तुमचं जीन वेगळं आहे. टेस्ट करून घेऊ, मग तुमच्या जीनला सूट होईल असा डाएट देतो.’ साडेबारा हजार रुपये. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची, नळीत घालायची, कुरियरनं पाठवायची. साडेबारा हजार म्हणजे किती भाकऱ्या, हा हिशोब तिनं तिथल्या तिथं तोंडी केला असणार. ती नेहमीच करते. तरी दिले. बारा रविवार खोटारडी ठरल्यानंतर ‘तुमचा दोष नाही’ एवढं ऐकायला ती त्याच्या दुप्पटही द्यायला तयार झाली असती.

तीन आठवड्यांनी रिपोर्ट आला. गुळगुळीत कागद, हिरवे-पिवळे-लाल गोल, पहिल्या पानावर तिचं नाव. निष्कर्ष : तुमच्यासाठी कमी स्निग्ध पदार्थांचा आहार योग्य. म्हणजे तीन महिने पनीर आणि शेंगदाणे खाऊ घातले, ते चूक. आता पनीर बंद, शेंगाचटणी बंद. सोलापूरच्या बाईला शेंगाचटणी बंद! बरोबर एक पावडरचा डबा, ‘तुमच्या जनुकांनुसार’. पुढच्या दोन महिन्यांत अर्धा किलो उतरला आणि काटा तिथंच बसला.

मी रिपोर्टमधली जनुकांची नावं कागदावर उतरवून घेतली. पीपीएआरजी, एडीआरबी२, एफएबीपी२. शिक्षकाची खोड. मुलानं वहीत उत्तर लिहिलं की ते कुठून आलं, हे बघितल्याशिवाय चैन पडत नाही.

तर ही गोष्ट कुठून आली ते सांगते. तुम्हाला माहीत असेल तर मग तुम्ही का विकता, हा प्रश्न उरतो, आणि माहीत नसेल तर आता कळेल.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ख्रिस्तोफर गार्डनर यांच्या गटानं २००७ साली ३११ बायकांवरची चार प्रसिद्ध डाएटची तुलना छापली होती. नंतर त्याच बायकांपैकी शंभर-सव्वाशे जणींची जनुकं तपासली गेली आणि २०१० मध्ये एका हृदयरोग परिषदेत सांगितलं गेलं की, जिच्या वाट्याला योगायोगानं तिच्या जनुकांना ‘जुळणारं’ डाएट आलं होतं, तिचं वजन न जुळणारीपेक्षा दोन ते तीन पट जास्त उतरलं. बातमी झाली. अशी बातमी कुणाला आवडणार नाही? कुलूप आणि किल्ली. तुझी किल्ली वेगळी, म्हणून तुझं कुलूप उघडत नव्हतं.

पण हे जुळवणं निकाल लागल्यानंतर केलेलं होतं. आमच्याकडे दहावीचा निकाल लागला की पास झालेल्यांची यादी घेऊन बसा आणि शोधा. पंख्याखाली कोण बसत होतं, कुणाचं आडनाव ‘क’नं सुरू होतं, कोण सायकलनं यायचं. काही ना काही जुळतंच. ते खरं की योगायोग, हे बघायचं तर पुढच्या वर्षी जूनमध्येच वहीत लिहून ठेवायला हवं, ‘पंख्याखालची मुलं जास्त पास होतील.’ आणि मग मार्चची वाट बघायची.

गार्डनर यांच्याच गटानं नेमकं हेच केलं, याचं मला मोठं कौतुक वाटतं. आपल्याच घरातून आलेली गोड बातमी पुन्हा घासून बघायची. ६०९ माणसं घेतली, १८ ते ५० वयाची, वजन जास्त असलेली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत वाटली. एका गटाला स्निग्ध पदार्थ कमी, दुसऱ्याला पिष्टमय पदार्थ कमी. पूर्ण १२ महिने. वर्षभरात २२ वर्ग. जनुकं आधीच तपासून ठेवली, तीच तीन, जी माझ्या बहिणीच्या रिपोर्टमध्ये आहेत. ग्लुकोज प्यायल्यावर रक्तात इन्शुलिन किती वाढतं हेही बघून ठेवलं, त्यावरून अंदाज बांधता येतो का ते पाहायला.

निकाल २०१८ च्या फेब्रुवारीत छापून आला. कमी स्निग्ध पदार्थांचा गट सरासरी ५.३ किलो उतरला, कमी पिष्टमय पदार्थांचा ६.० किलो. सातशे ग्रॅमचा हा फरक गणितात धरण्याजोगा नव्हता. आणि जनुक जुळलेल्यांचं वजन न जुळलेल्यांपेक्षा जास्त उतरलं का? नाही. इन्शुलिनवरून काही सांगता आलं का? तेही नाही.

मला त्या अभ्यासातली सर्वांत मोलाची गोष्ट वेगळीच वाटते. दोन्ही गटांत, तोच आहार घेणाऱ्या माणसांत, कुणाचं वजन ३० किलोच्या आसपास उतरलं होतं आणि कुणाचं उलट १० किलोच्या आसपास वाढलं होतं. दोन डाएटमधला फरक सातशे ग्रॅम, आणि एकाच डाएटमधल्या दोन माणसांतला फरक चाळीस किलोपर्यंत. तुमचं सगळं भांडण, लो-कार्ब चांगलं की लो-फॅट, कुणाचा क्लास भारी, हे त्या सातशे ग्रॅमवरचं आहे. चाळीस किलोंबद्दल तुमच्याकडे फक्त दोन उत्तरं आहेत : आधी टोमणा, नंतर टेस्ट.

युरोपात सात देशांत ‘फूड फॉर मी’ नावाचा आणखी एक अभ्यास झाला, २०१७ मध्ये छापला. प्रत्येकाला त्याच्या खाण्याप्रमाणे वेगळा सल्ला दिला तर सरसकट सल्ल्यापेक्षा फायदा होतो, असं त्यात दिसलं. पण त्या सल्ल्यात जनुकांची माहिती घातल्यानं आणखी काही वाढलं नाही. म्हणजे बहिणीला शेजारी बसवून ‘तुम्ही दिवसभरात काय खाता, कधी खाता’ एवढं विचारलं असतं तर ते साडेबारा हजारांच्या काडीपेक्षा उपयोगी पडलं असतं. आणि फुकट.

पावडरच्या डब्याबद्दलही एक सांगते, कारण हा धंदा जुना आहे. २००६ साली अमेरिकी सरकारच्या हिशोब तपासणाऱ्या कार्यालयानं चार वेबसाइटवरून अशा चाचण्या मागवल्या. चौदा वेगवेगळी काल्पनिक गिऱ्हाइकं उभी केली, निरनिराळ्या वयांची, सवयींची. प्रत्यक्षात नमुने होते फक्त दोघांचे, त्यातले बहुतेक एका तान्ह्या मुलीचे. सल्ले मात्र त्या काल्पनिक गिऱ्हाइकांनी आपल्या सवयींबद्दल जे भरून दिलं होतं, त्याप्रमाणे बदलत गेले. एका ठिकाणी ‘तुमच्या डीएनएसाठी खास’ म्हणून ज्या गोळ्या वर्षाला १,२०० डॉलरना विकत होते, तशाच गोळ्या दुकानात ३५ डॉलरना मिळत होत्या. माझ्या बहिणीच्या डब्यावरचं घटकांचं लेबल मी चष्मा लावून वाचलं. दूध-पावडर, सोया, गोडवा आणण्याचं काहीतरी. त्यात जनुक मला सापडलं नाही.

मेंडेलचा वाटाणा इथं गोंधळ घालतो, हे मला शिक्षिका म्हणून कबूल करायला हवं. आम्ही मुलांना एक जनुक, एक गुण असं शिकवतो आणि ते इतकं छान जुळतं की पुढे जन्मभर डोक्यातून जात नाही. वजनाचं तसं नाही. २०१८ पर्यंत सुमारे सात लाख माणसांच्या तपासणीतून वजनाशी संबंध असलेल्या ९०० हून अधिक जागा सापडल्या होत्या. आणि त्या सगळ्या मिळून माणसामाणसांतल्या फरकाचा शेकडा सहा एवढाच भाग सांगता येत होता. त्यातल्या तीन उचलून कुणाला पनीर खा किंवा खाऊ नको सांगणं म्हणजे नऊशे पानांच्या पुस्तकातली तीन पानं वाचून परीक्षेला बसण्यासारखं. तशी मुलं दर वर्षी असतात. पास होत नाहीत.

एकाच जनुकाच्या बिघाडानं प्रचंड लठ्ठपणा येतो, असंही असतं, पण फार दुर्मिळ. लेप्टिन नावाचं संप्रेरक शरीरात तयारच होत नाही अशी दोन मुलं १९९७ मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी शोधली. अगदी तान्हेपणापासून न भागणारी भूक. त्यांना लेप्टिनची इंजेक्शनं देता आली. असं लेकरू कुणाच्या घरात असेल तर त्याची जागा मोठ्या हॉस्पिटलात आहे, तुमच्या रविवारच्या बॅचमध्ये नाही.

रिपोर्टच्या एका पानावर लाल गोल होता. एफटीओ, ‘लठ्ठपणाचं जनुक’, धोका जास्त. त्या पानावर बहीण रडली. म्हणाली, ‘अक्का, हे तर जन्माचंच आहे, मग मी भाकरी कशाला सोडली?’ हे जनुक २००७ मध्ये सापडलं. त्याच्या दोन्ही प्रती धोक्याच्या असलेल्या माणसाचं वजन, एकही नसलेल्यापेक्षा सरासरी तीन किलो जास्त भरतं. तीन. तीस नाही. ते मुख्यतः भुकेवर आणि पोट भरल्याच्या जाणिवेवर काम करतं, असं दिसतं. आणि वजन उतरवताना? २०१६ साली आठ चाचण्यांतल्या ९,५६३ लोकांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. या जनुकाची धोक्याची प्रत असलेल्यांचं वजन ती नसलेल्यांइतकंच उतरलं होतं. म्हणजे त्या लाल गोलानं तिच्याबद्दल जे सुचवलं, ‘तुझं उतरणं अवघड’, ते खरं नाही. तिला ते समजावून सांगायला मला दोन संध्याकाळी लागल्या. रिपोर्ट देणाऱ्यांनी दोन मिनिटंही दिली नव्हती.

मग तिचं का उतरलं नाही? मला माहीत नाही. डॉक्टरांनाही नेमकं सांगता आलं नाही. पण त्यांनी तिला तीन गोष्टी विचारल्या, ज्या तुमच्या फॉर्ममध्ये नव्हत्या : झोप किती, गोळ्या कुठल्या, पाळी कधी आली होती. झोप साडेचार तास. रात्री अकराला भांडी, पहाटे चारला तवा. २०१० मधला एक अभ्यास आहे. तेवढंच खाऊन साडेआठ तास झोपण्याच्या तुलनेत साडेपाच तास झोपताना उतरलेल्या वजनात चरबीचा वाटा निम्म्याहून कमी झाला, आणि स्नायूच जास्त झिजले. पण तो अवघ्या दहा माणसांवर, दोन आठवड्यांचा होता. शंभर-सव्वाशे बायकांच्या अभ्यासाला वर नावं ठेवून आता दहा जणांवर इमल्याचा पाया घालणं मला शोभणार नाही. एवढंच म्हणते की, विचारायला हवं होतं.

आणि खरंच काहीच उतरलं नव्हतं का? त्या काळात तिनं तीन ब्लाऊज आतून दोन-दोन बोटं मारून घेतले. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ६.१ होता, तो ५.८ वर आला. यातलं काहीही तुमच्या वहीत नाही, कारण तुमच्याकडे काटा आहे, टेप नाही.

इथं पुण्याची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघंही सडपातळ. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी एकच, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. काट्याला आणि तक्त्याला हा फरक दिसत नाही. आपल्याकडची माणसं बारीक दिसतात आणि पोटात चरबी घेऊन हिंडतात. म्हणून तर भारतीयांसाठी जास्त वजनाची रेघ २३ वर आणि लठ्ठपणाची २५ वर आणली गेली, आणि कंबर बाईची ८० सेंटिमीटर, पुरुषाची ९० सेंटिमीटर यावर लक्ष ठेवा म्हणतात. तुमच्या हॉलच्या भिंतीवरचा तक्ता अजून ३० वरच लाल होतो. कुठल्या तरी परदेशी कंपनीचा आहे. टेप वीस रुपयांना मिळते.

आता भाकरी. यावर मी जरा जास्त बोलणार, कारण आमची आई मंगळवेढ्याची. ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालेल्या गावची बाई आणि भाकरीवर पोट भरणारी तिची मुलगी, यांना तुम्ही भाकरी म्हणजे विष म्हणून सांगितलंत. त्या ६०९ जणांच्या अभ्यासात पहिले आठ आठवडे सगळ्यांना फार कडक मर्यादा होती, ज्याच्या त्याच्या गटाप्रमाणे स्निग्ध किंवा पिष्टमय पदार्थ दिवसाला वीस ग्रॅम. पण पुढे ज्याला जेवढं जन्मभर निभेल तेवढं हळूहळू वाढवायला सांगितलं होतं. वर्षाच्या शेवटी कमी पिष्टमय पदार्थांचा गट दिवसाला सरासरी १३२ ग्रॅमवर स्थिरावला. आता हिशोब करा. सत्तर ग्रॅम पिठाची भाकरी धरली तर तिच्यात पिष्टमय पदार्थ साधारण ४७ ग्रॅम. दोन भाकऱ्यांचे ९४. वर आमटी, भाजी, ताकाला जागा उरते. म्हणजे स्टॅनफर्डचं लो-कार्ब आणि आमच्या आईचं बेताचं जेवण, दोन्ही एकाच ताटात मावतात. शंभर ग्रॅम ज्वारीत दहा ग्रॅमच्या आसपास तंतू असतात आणि तेवढीच प्रथिनं. मैद्याच्या बिस्किटाला आणि मालदांडी ज्वारीच्या भाकरीला ‘कार्ब’ म्हणून एकाच ओळीत उभं करणारा तक्ता सोलापुरात लावायला हिंमत लागते.

त्या अभ्यासात दोन्ही गटांना कॅलरी मोजायला सांगितल्याच नव्हत्या. भाज्या जास्त खा, साखर आणि मैदा कमी करा, घरी शिजवा, एवढंच दोघांनाही सारखं सांगितलं होतं. मला वाटतं, माझे नऊ किलो मुख्यतः त्यातच गेले. स्टाफरूममधला चहा-खारी गेला, शाळेसमोरचा वडापाव गेला. बहिणीच्या खाण्यात ते आधीही नव्हतं. तिला सोडायला होतं काय? भाकरीच. हा माझा अंदाज आहे, सिद्धता नाही. पण तुमच्या फ्लेक्सवरच्या ‘मनात आणलं तर’पेक्षा बरा अंदाज आहे.

तुमचा धंदा बंद व्हावा असं मला वाटत नाही. बायका घराबाहेर पडतात, चार जणी मिळून संभाजी तलावावर फिरायला जातात, हे तुमच्यामुळेच झालं. मी स्वतः अजून रोज चालते. पण रविवारी आकडा मोठ्यानं वाचणं बंद करा. ज्यांना बघायचाय त्यांनी आपला आपण बघावा. ज्यांचं उतरत नाही त्यांना दोन-तीन महिन्यांत दुसरं काहीतरी देऊन बघा, वेळा बदला, ताट बदला, डॉक्टरांकडे पाठवा. कुणाला काय लागू पडेल हे आधी सांगता येत नाही, असं त्यांना तोंडावर सांगा. ऐकायला बरं नाही वाटत, पण ते चिडणार नाहीत, माझं ऐका. आणि ती कापसाची काडी विकायची थांबवा. उद्या खरोखर उपयोगी पडेल अशी चाचणी निघाली तर पहिली मीच रांगेत उभी राहीन, पंख्याखाली.

पैसे परत मागत नाही. बहिणीनंच नको म्हटलं.

पण दोन गोष्टी हव्यात. तुमच्या वहीत तिच्या नावाचं जे पान आहे, सोळा रविवारांचे आकडे आणि शेजारी लाल पेनानं लिहिलेला ‘शिस्त नाही’ हा शेरा, ते पान फाडून तिला द्या. आणि माझा फोटो येत्या शनिवारपर्यंत खाली उतरवा. फ्लेक्स बराच उंच बांधलाय, खांबाला तारेनं. शिडी नसेल तर सांगा. बहिणीकडे आहे, माळ्यावरची पिठाची पोती काढायला घेतलेली. ती स्वतः घेऊन येते म्हणाली.

आपली,
फ्लेक्सवरची बाई
जुळे सोलापूर